राहिलेले तीन आकडे

१

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी मी अंडी उकडते. आमच्या घरचा नेमच आहे तो. उकडलेली अंडी, चांदीच्या कागदात गुंडाळलेले पाव-चीज, आणि वाटेत कुणाला मळमळलंच तर एक रिकामी पिशवी. दारेक, म्हणजे माझा नवरा, दर वर्षी म्हणतो, "अगं, विमानतळावर सगळं मिळतं." मिळतं की. पण पोलंडमधल्या ओपोलेहून निघाल्यापासून परत ओपोलेत पाय ठेवेपर्यंत चार माणसांच्या पोटाची काळजी मलाच वाहायची असते, तेव्हा ती मी माझ्या पद्धतीने वाहते.

इटलीत जेनोआतल्या त्या भाड्याच्या घरात आम्ही आठ दिवस राहिलो. पाचवा मजला, लिफ्ट नाही, पाटीच्या काळ्या दगडाच्या एकशेआठ पायऱ्या. पायऱ्या मी मोजल्या नव्हत्या, तोसियाने मोजल्या होत्या. तोसिया माझी मुलगी. सात वर्षांची, एकुलती एक, आणि किरकिरीत पहिला नंबर. ऊन लागतं. पाय दुखतात. माशाला डोळे आहेत, मी नाही खाणार. सँडलचा पट्टा टोचतो. समोरचा एक दात हलत होता, तो जिभेने पुढे-मागे करत ती दिवसभर तोंडात बोटं घालून बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. बोटं चिकट, मग तीच बोटं माझ्या हातात.

माझा जीव आहे तिच्यावर. हे आधीच सांगून ठेवते. पण आठव्या दिवशी सकाळी मी त्या ओट्यापाशी उभी होते तेव्हा माझ्यात कुणाचं 'आई' ऐकून घ्यायचंही त्राण उरलं नव्हतं.

विमान संध्याकाळचं होतं. घरमालकीण सिन्योरा रेपेत्तो भली बाई, सामान दुपारपर्यंत घरातच राहू द्या म्हणाली. जाताना किल्ली तळमजल्यावरच्या तिच्या टपालपेटीत टाकायची, की झालं. म्हणून आम्ही ठरवलं, सकाळी एकदा बंदरावर शेवटचं फिरून येऊ, तीनला परत येऊन बॅगा उचलू.

२

आमच्याकडे प्रवासाला निघण्याआधी सगळ्यांनी क्षणभर बसायचं असतं. बोलायचं नाही, नुसतं बसायचं, मग उठून निघायचं. आणि बाहेर पडल्यावर विसरलेल्या वस्तूसाठी घरात परत यावं लागलं, तर पुन्हा बसून दहापर्यंत मोजायचं आणि मगच पाय बाहेर काढायचा. पोलंडमध्ये हे सगळ्यांना माहीत असतं. निम्मे लोक हसत करतात, निम्मे न हसता. माझ्या सासूबाई, हालिना, न हसणाऱ्यांतल्या.

"आता कशाला बसायचं?" दारेक म्हणाला. "आपण निघतोय कुठे? बंदरावर तर चाललोय."

"आजचा दिवस निघायचा आहे," सासूबाई म्हणाल्या. "बस मुकाट्याने. एवढा मोठा झालास, ढुंगण टेकायला तुला काय कष्ट पडतात?"

बसलो. उठलो. एकशेआठ पायऱ्या उतरलो. गल्लीत पोचलो तोच तोसियाने भोकाड पसरलं. तिची पिवळी टोपी वर राहिली होती.

"राहू दे, सावली आहे," मी म्हटलं.

"मला ऊन लागणार! माझं डोकं दुखणार!"

दारेकने आकाशाकडे बघितलं. सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून दाराच्या उंबऱ्यावर टेकल्या. म्हणजे कोण जाणार हे ठरलंच होतं. तोसियाला खाली ठेवली असती तर तिथेही रडली असती, म्हणून तिचं मनगट धरून मी पुन्हा चढले. मागून सासूबाईंनी हाक मारली, "तोसिया, वर गेलीस की बसायचं बरं का! पुरे दहा!"

टोपी आतल्या खोलीत पलंगाखाली सापडली. मी बाहेर आले तर तोसिया लांब बोळाच्या टोकाला, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली होती आणि मोजत होती. टाच खुर्चीच्या पायावर आपटायची, मग आकडा. "एक." टक. "दोन." टक. मध्येच थांबून दात हलवून बघायची. मी दारात उभी. खांद्यावर पिशवी, हातात टोपी, पाठीतून घाम. "पाच." मग खिडकीत कबुतर आलं, ते बघून झालं. "सहा." टक.

"तोसिया, आवर."

"आजीने सांगितलंय. सात."

मी जाऊन तिचा दंड धरला आणि तिला खुर्चीवरून खाली ओढली. मारलं नाही. ओढली.

"आई! अजून तीन राहिले!"

"खाली जाऊन मोज ते तीन," मी म्हटलं आणि दार ओढून घेतलं.

३

जिन्यातला दिवा आपोआप विझणारा होता. बटण दाबलं की मिनिटभर जळायचा. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तो विझला आणि डोळ्यांपुढे काळोख झाला. बटण चाचपायला मी तोसियाचा हात सोडला. भिंत गार होती, बटण लवकर सापडेना. मग तिचा हात आपणहून माझ्या हातात आला, आणि तेवढ्यात बटणही सापडलं.

दोन मजले उतरल्यावर माझ्या लक्षात आलं, की ती रडत नाहीये. रागावली असेल, म्हटलं. बरंच आहे.

गल्लीत उजेडात आलो. हात अजून माझ्याच हातात. मला काहीतरी वेगळं वाटत होतं आणि काय ते कळत नव्हतं. बंदराच्या वाटेवर अर्ध्यात कळलं. तिचा हात कोरडा होता. सकाळी तिने पीच खाल्लं होतं, हात धुतले नव्हते, वर जाताना तिच्या मनगटापर्यंत सगळं चिकट होतं. आता तो स्वच्छ, कोरडा, थोडा गार हात.

फ्रॉकला पुसला असेल. पोरं पुसतात. मी पुढे चालत राहिले.

४

त्या दिवसासारखा दिवस आम्हाला अख्ख्या सुट्टीत मिळाला नव्हता. बंदरावर आम्ही कॉफी घेतली, ती गरम असेपर्यंत प्यायलो. तोसिया खुर्चीत बसून जहाजं बघत होती. कांदा घातलेली फोकाच्चा, तिथला तो तेलकट चपटा पाव, आठ दिवस तिने थुंकून टाकली होती, ती तिने शांतपणे खाल्ली आणि तोंड पुसलं.

"बघ," दारेक खूश होऊन म्हणाला. "शेवटच्या दिवशी का होईना, पोरगी माणसात आली. अजून एक आठवडा राहिलो असतो तर प्राध्यापक झाली असती."

मी हसले. मनापासून हसले. मग सहज म्हटलं, "काय गं, ते तीन मोजलेस का शेवटी?"

तोसियाने माझ्याकडे बघितलं. "कुठले तीन?"

"मघाचे. वरचे."

ती विचार करत राहिली. खरोखर आठवत होती, असं दिसत होतं. मग ती हसली आणि म्हणाली, "मोजेन हं, आई. तू सांगशील तेव्हा."

पोरं विसरतात. जे आपल्याला दिवसभर टोचतं ते त्यांच्या डोक्यातून क्षणात जातं. मी स्वतःला हे सांगितलं आणि मला ते पटलंसुद्धा. पण हसताना तिचे दात दिसले होते, आणि वरून खाली आल्यापासून तिचं बोट एकदाही तोंडात गेलं नव्हतं.

"तोसिया, आ कर बघू. दात दाखव तुझा."

तिने लगेच तोंड उघडलं. मी समोरचा दात चिमटीत धरला आणि हलकेच ढकलला. मग जरा जोराने. शेजारचा बघितला. खालचे बघितले. सगळे दात घट्ट होते.

दारेक बिलासाठी वेटरला शोधत होता. सासूबाई मात्र माझ्या बोटांकडे बघत होत्या.

"पडला का?" त्यांनी विचारलं.

"नाही. आहे जागेवर."

"हलतोय?"

मी हात मागे घेतला. दोन दिवस हलून पुन्हा बसतात कधी कधी दुधाचे दात, असं कुणाकडून तरी ऐकल्यासारखं मला वाटत होतं. कुणाकडून ते आठवत नव्हतं.

सासूबाई वाकल्या, आवाज खाली आणून म्हणाल्या, "रेनाता, खरं सांग. मघाशी वर तिने दहा मोजले ना?"

"हो," मी म्हटलं.

"पुरे?"

"पुरे, आई. तुम्ही पण ना."

परतताना तोसियाने आजीचा हात धरायला हात पुढे केला, तेव्हा त्यांनी पर्स या हातातून त्या हातात घेतली.

५

तीनला परत आलो. सासूबाईंना पुन्हा चढवत नव्हतं, म्हणून त्या खालीच थांबल्या आणि तोसियालाही त्यांच्यापाशी ठेवलं. दारेक आणि मी वर गेलो. त्याने दोन मोठ्या बॅगा उचलल्या.

"मी टॅक्सी बोलावतो," तो म्हणाला. "तू एकदा फिरून बघ, काही राहिलंय का. चार्जर, मोजे, तुझं ते नेहमीचं."

"खिडक्या लावते आणि येते. दोन मिनिटं."

तो धडधडत उतरला. त्याच्या पावलांचा आवाज एकेक मजला खाली जात विरला आणि घर शांत झालं.

मी मोठ्या खोलीतल्या हिरव्या झडपा ओढल्या. चादरी काढून गोळा करून ठेवल्या. न्हाणीघरात एक ब्रश सापडला, तो पिशवीत टाकला. आतल्या खोलीची झडप लावत होते तेव्हा बोळाच्या टोकाकडून आवाज आला.

टक.

नळ, मला वाटलं. जुन्या इमारतीत नळ वाजतात.

टक.

आणि मग लहान मुलाचा आवाज. "सहा." टक. "सात."

मग काही नाही. मी झडपेचा कडीकोयंडा हातात धरून उभी होते. खाली अंगणात खिडक्या होत्या, प्रत्येक खिडकीत माणसं होती, टीव्ही होते, पोरं होती. आवाज कुठूनही चढून येतो. एवढं सगळं मी मनाशी नीट मांडलं. मांडता मांडता मला हेही कळत होतं, की जेनोआतल्या अंगणात पोलिश भाषेत कुणी मोजत नाही.

"एक," आवाज म्हणाला. टक. "दोन."

६

मी बोळात आले. स्वयंपाकघराचं दार अर्धं ओढलेलं होतं. सकाळी ते उघडं होतं असं मला वाटतं, पण आता शपथेवर सांगवणार नाही. फटीतून ओट्याची कड दिसत होती, फरशी दिसत होती, आणि खुर्चीचे पुढचे दोन पाय.

"पाच," टक, "सहा," टक, "सात."

मग थांबली. तिच्या श्वासाचा आवाज येत होता. रडून रडून दमलेली पोरं घेतात तसा, मध्येच हुंदका अडकलेला.

मी चार पावलं पुढे गेले. फटीतून एक पाय दिसला. गुडघ्यापासून खाली, सँडल घातलेला, हलणारा. पट्टा सुटून लोंबत होता. टाचेवर त्या टोचणाऱ्या पट्ट्याने पडलेला लाल वळ होता. आदल्या दिवशी मीच त्याला मलम लावलं होतं.

"आई," ती म्हणाली. "आता आठ म्हणू?"

कुणाचा आवाज आहे हे ओळखायला मला विचार करावा लागला नाही. तो किरकिरा, नाकातला, शेवटी उंच चढणारा सूर मी सात वर्षं ऐकत आले होते.

"आई, पाय दुखतोय गं. किती वेळ झाला. तू म्हणालीस खाली मोज, पण मला खाली जाताच येत नाहीये. म्हणू का आठ?"

मला उत्तर द्यायचं होतं. तोंड उघडलं होतं, हे मला नक्की आठवतं. एक शब्द पुरला असता. ती आठ म्हणाली असती, नऊ म्हणाली असती, दहा म्हणाली असती, खुर्चीवरून उतरून ते दार उघडून बाहेर आली असती. आणि मग मी तिला घेऊन खाली गेले असते. खाली, जिथे ती आधीच उभी होती.

मी मागे सरकले. मोठ्या खोलीत जाऊन झडपेच्या फटीतून गल्लीत बघितलं. टॅक्सी आली होती. दारेक बॅगा डिकीत घालत होता. सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांच्यापासून दोन हात अंतरावर पिवळी टोपी घातलेली मुलगी. तिने मान वर केली. पाच मजले खालून, एवढ्या खिडक्यांतून, नेमकी माझ्या फटीकडे. ती हाक मारत नव्हती. पाय आपटत नव्हती. हात जुळवून वाट बघत होती.

"आईऽऽ," मागून आवाज आला. आता त्यात रडू होतं. "ये ना गं. मला भीती वाटतेय."

मला तिच्याकडे जावंसं वाटलं. खरंच वाटलं. पण मी तुम्हाला खरं सांगणार असेन तर हेही सांगायला हवं, की त्याच क्षणी मला विमानतळावरची रांग दिसली. त्या रांगेत हा आवाज. विमानात हा आवाज. उद्या सकाळी, शाळेच्या वेळेला, जेवताना, दर दिवशी. आणि खाली ती शांत उभी होती, कोरड्या हातांची.

दारेकने हॉर्न वाजवायला लावला. "रेनाता! अगं, तिथेच मुक्काम करणार आहेस का?"

मी पिशवी खांद्याला लावली. बोळातून दारापर्यंत चवड्यांवर चालत गेले. तान्हं बाळ झोपलं की आई खोलीतून निघते ना, तशी. कडीचा आवाज होऊ नये म्हणून हाताने ती दाबून धरली आणि दार हळूच ओढून घेतलं.

दार बंद झालं तेव्हा आत ती नव्याने सुरुवात करत होती. "एक."

७

तळमजल्यावर सिन्योरा रेपेत्तोची टपालपेटी होती. किल्ली मी फटीत धरली. तेवढ्यापुरती ती अजून माझ्या बोटांत होती. मग सोडली. आत पडल्याचा आवाज झाला. मी पेटीच्या फटीत बोटं घालून बघितली. फट अरुंद होती, बोटं दोन पेरांपलीकडे गेली नाहीत. मी घालून बघितली, एवढं मात्र माझ्या बाजूने धरा.

टॅक्सीत दारेक पुढे बसला. मागे आम्ही तिघी, मध्ये तोसिया. शहर मागे पडलं, बोगदे लागले. दारेक टॅक्सीवाल्याशी हातवाऱ्यांनी फुटबॉलवर बोलत होता.

"वर काय करत होतीस एवढा वेळ?" सासूबाईंनी विचारलं.

"खिडक्या लावत होते."

"रडलीयेस."

"घाम आहे तो, आई."

विमानतळावर मी अंडी काढली. सासूबाईंनी एक सोलून तोसियापुढे धरलं. तोसिया पिवळं कधी खायची नाही. पांढरं कुरतडून पिवळा गोळा माझ्या तळहातावर ठेवायची, कुठेही असलो तरी, आणि मी तो खायचे. आज तिने अख्खं अंडं खाल्लं, टरफलं कागदात गुंडाळली आणि म्हणाली, "थँक्यू, आजी."

सासूबाईंची बोटं तशीच हवेत राहिली. त्या माझ्याकडे बघत होत्या, बराच वेळ.

"रेनाता," त्या अगदी हळू म्हणाल्या. "ही..."

"दमला आहात तुम्ही, आई."

सत्तरीची बाई. गुडघे सुजलेले. त्यांनी एकदा आपल्या मुलाकडे बघितलं. तो काचेपाशी उभा राहून विमानांचे फोटो काढत होता, इतका खूश मी त्याला वर्षभरात पाहिला नव्हता. मग त्यांनी खांदे सोडले.

"हो," त्या म्हणाल्या. "दमलेय मी." आणि दुसरं अंडं सोलायला घेतलं.

विमानात तोसिया खिडकीपाशी बसली. सीटचा पट्टा तिने स्वतःच लावला. मी तिच्या शेजारी ताठ बसले होते. ठरवलं होतं, की तिच्यावरून नजर हलवायची नाही. पोचलो की लगेच घरमालकिणीला फोन करायचा, काहीतरी कारण सांगायचं, दार उघडून बघायला लावायचं. उद्याचं पहिलं विमान कितीला आहे ते बघायचं. पोलिसांना कळवायचं. काय कळवायचं ते मात्र सुचत नव्हतं.

तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"आई," ती म्हणाली, "किती दमलीस तू. झोप थोडी. मी आहे ना."

माझ्या पोटच्या पोरीने हे मला कधी म्हटलं नव्हतं. म्हणेल कशी, सात वर्षांची ती. आणि मी मात्र ती जन्मल्या दिवसापासून हेच कुणीतरी म्हणेल याची वाट बघत होते.

दुसरी कुठलीही आई असती तर त्या रात्री, पुढच्या कितीतरी रात्री, तिचा डोळ्याला डोळा लागला नसता. मी त्या लहानशा खांद्यावर डोकं टेकलं. विमान अजून जमिनीवरच होतं, आणि मला गाढ झोप लागली.